नव्या गाडीचा पेट्रोलचा काटा आणि वॉरंटीतली दुरुस्ती: ठाणे-नवी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरांचा अनुभव कसा असतो, काय मागून घ्यावं

ब्रेकचा आवाज, एसी थंड न होणं, क्लच जड होणं असल्या तक्रारी आपल्याकडची अधिकृत सर्व्हिस सेंटरं बऱ्यापैकी नीट हाताळतात. वर्षा-दीड वर्षाच्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवतो, या तक्रारीला मात्र पहिल्या फेरीत बहुतेक वेळा वाटाण्याच्या अक्षताच मिळतात. वर्कशॉप वागळे इस्टेटमधलं असो की तुर्भे-महापे पट्ट्यातलं, गाडी संध्याकाळी धुऊन-पुसून परत येते. जॉब कार्डवर (तक्रार आणि कामाची नोंद असलेल्या कागदावर) ‘तपासलं, दोष आढळला नाही’ असं लिहिलेलं असतं आणि अ‍ॅडव्हायजर हसून सांगतो, “सर, या मॉडेलला असंच असतं.”

आमचा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. काटा तपासायचा तर टाकीत किती लिटर पेट्रोल आहे हे आधी माहीत पाहिजे. ते न मोजता, गाडी गेटबाहेर एक चक्कर मारून आणून दिलेला ‘दोष नाही’ हा शेरा तपासणीत धरता येत नाही. हा दोष शोधायला अवघड नाही आणि महागही नाही. फक्त कोणीतरी लिटर आणि काटा शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवं. ते काम ग्राहकाने आधीच करून नेलं, तर त्याच सेंटरची सेवा एकदम वेगळी मिळते.

काही बाबतींत मात्र सेंटरवाल्यांचं बरोबर असतं. ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा भराभर बदलतो, पण काटा जागच्या जागी आहे, ही दुरुस्तीची तक्रारच नव्हे. तो आकडा अलीकडच्या अ‍ॅव्हरेजवरून काढलेला असतो. घोडबंदर रोडवर गायमुख घाटात तासभर अडकलात की तो कोसळणार, पाम बीच रोडवर सकाळी मोकळं चालवलंत की वर चढणार. टाकी भरल्यावर पहिले पन्नास-साठ किलोमीटर काटा ‘फुल’वरून हलत नाही, हेही साधारण ठीक आहे. टाकीच्या वरच्या भागात फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) आधीच टोकाला टेकलेला असतो, त्यामुळे वरचे काही लिटर त्याला दिसतच नाहीत. उतारावर गाडी लावली की रीडिंग बदलतं. येऊरच्या चढावर किंवा पारसिक हिलवर उभ्या गाडीचा काटा पाहून तक्रार करू नये. आणि पेट्रोल भरताना म्युझिक सिस्टमसाठी इग्निशन चालू ठेवलं असेल, तर काटा बराच वेळ जुनाच आकडा धरून बसू शकतो. पेट्रोल हिंदकळल्यामुळे काटा नाचू नये म्हणून डॅशबोर्डावरचा मीटर वाढ-घट मुद्दाम हळू दाखवतो. इग्निशन बंद करून परत चालू केलं की मगच तो टाकी भरल्याचं मानतो. थोडंसं पेट्रोल टाकलं तर काही गाड्या त्याची दखलही लगेच घेत नाहीत.

आता खरा दोष. टाकीत पंपाच्या मॉड्यूलला लागूनच एक सेंडर युनिट असतं. त्याला हात, हाताच्या टोकाला फ्लोट, आणि दुसऱ्या टोकाला सिरॅमिकच्या पट्टीवर घासत जाणारे बारीक धातूचे संपर्क. फ्लोट वर-खाली झाला की पट्टीचा विद्युत रोध बदलतो, आणि त्यावरून मीटर लिटर ठरवतो. काही गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी असतो, काहींत उलट. नक्की किती ओहम, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बिघाड पट्टीवर, हातात, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), वायरिंगमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा मीटरमध्ये, यांपैकी कुठेतरीच असतो. लक्षण नीट सांगितलं तर निम्मं काम तिथेच होतं.

काटा दरवेळी एका ठरावीक पातळीला, समजा अर्ध्याच्या जरा खाली, अचानक शून्यावर पडतो आणि थोड्या वेळाने वर येतो: पट्टीवर त्या जागी संपर्क तुटतोय. संपर्काच्या चांदीवर गंधकाचा थर बसला की असं होतं. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा, लुइझियाना भागात पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेल्यामुळे असंख्य गाड्यांचे काटे बिघडले होते. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचे सरकारी निकष) पेट्रोलमध्ये गंधकाची कमाल मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आहे, बीएस-४ मध्ये ती ५० होती. म्हणून आता नव्या गाडीत हे दिसलं की पेट्रोलला दोष देण्याआधी पट्टीच्या दर्जावर संशय घ्यावा. ‘ई-२० मुळे काटा बिघडला’ असं सरसकट ऐकायला मिळतं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज घटतं, त्यामुळे काटा पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो हे खरं, पण ती काट्याची चूक नव्हे.

काटा एकाच जागी अडकून बसतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की सुटतो: फ्लोटचा हात आतल्या पाइपला किंवा टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडतोय. बसवतानाच हात वाकलेला असण्याची शक्यता मोठी. हेडलाइट, एसी किंवा इंडिकेटर लावला की काटा हलतो: अर्थिंग ढिलं. फक्त पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर बिघडतो: कपलरमध्ये पाणी, पिनांवर हिरवट गंज. खाडीकाठच्या दमट हवेत, ऐरोली-कोपरखैरणे-वाशीच्या बाजूला ही तक्रार अजिबात दुर्मीळ नाही. सगळ्या पातळ्यांवर सारखाच चुकतो, म्हणजे नेहमी पाच-सहा लिटर जास्तच किंवा कमीच दाखवतो: हात वाकलेला, चुकीच्या मॉडेलचा सेंडर, किंवा मीटरचं कोडिंग. आणि काट्याबरोबर टेम्परेचर, स्पीड असं सगळंच वेडंवाकडं दिसू लागलं, तर टाकी उघडायच्या आधी बॅटरी आणि मीटर पाहायचं.

उंदरांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये महिनाभर न हललेल्या गाडीच्या मागच्या सीटखाली उंदीर घुसतो आणि सेंडरच्या वायरी कुरतडतो. याला वॉरंटी लागू होत नाही, आणि सेंटरवाले त्यावर अडून बसतात ते नियमाला धरूनच. फक्त कुरतडलेली वायर दाखवा म्हणावं, फोटो काढून घ्यावा. ‘उंदीर असेल’ या अंदाजावर क्लेम नाकारू देऊ नये.

सेंटरला जाण्याआधीची चाचणी पेट्रोल पंपावरच होते. गाडी रिझर्व्हच्या दिव्यापर्यंत येऊ द्या, पण त्याच्या खाली ताणू नका. सपाट पंप निवडा, सकाळी लवकर जा, कारण गर्दीत कोणी थांबू देणार नाही. इग्निशन पूर्ण बंद. १० लिटर भरा, गाडी बाजूला घ्या, दोन-तीन मिनिटं थांबून इग्निशन चालू करा, काट्याचा आणि ओडोमीटरचा फोटो एकाच चौकटीत घ्या. परत १० लिटर, परत फोटो. मग पहिल्या ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत. ३७ लिटरची टाकी (स्विफ्ट, पंच यांची एवढीच आहे) आणि ८ बारांचं (काट्याऐवजी उजळणाऱ्या चौकोनांचं) मीटर असेल, तर एक बार साधारण ४.६ लिटरचा. म्हणजे १० लिटरला दोन बार वाढायलाच हवेत. पहिल्या आणि शेवटच्या बारावर वाद घालू नका, तिथे कंपनीने मुद्दाम थोडी सूट ठेवलेली असते. मधले बार बघा. १० लिटरला एकही बार न वाढणं किंवा एकदम चार वाढणं, हा पुरावा. बिलं जपून ठेवा.

पंपाच्या मापावर संशय असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकासमोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. एवढ्याशा फरकाने काटा हलत नाही, त्यामुळे माप मर्यादेत निघालं की पंपाचा विषय संपला. ३७ लिटरच्या टाकीत ४० लिटर बसलं म्हणून पंपावर भांडणंही व्यर्थ आहे. कागदावरची क्षमता ही वर मोकळी जागा सोडून धरलेली असते, आणि भरण्याच्या नळीतही पेट्रोल राहतं. मात्र ऑटो कटनंतर ‘राउंड फिगर’ करायला अजून ओतू देऊ नका. जादा पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा खराब होतो.

सर्व्हिस सेंटरची पहिली परीक्षा जॉब कार्डावर होते, आणि गुण सगळ्यांत कमी तिथेच मिळतात. अ‍ॅडव्हायजर टॅबवर ‘फ्युएल गेज चेक’ एवढंच टाकतो. वर्कशॉपमधल्या टेक्निशियनला त्यातून काहीच कळत नाही. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: ‘रिझर्व्हवर १० लिटर भरल्यावर एकही बार वाढला नाही, पुढच्या १० लिटरला चार वाढले, तारीख अमुक, ओडोमीटर तमुक, फोटो दिले.’ सही करण्याआधी वाचा. मग त्याला ‘असंच असतं’ म्हणायला जागा उरत नाही.

दुसरी परीक्षा निदानाची. इथे सेंटरगणिक नाही, टेक्निशियनगणिक फरक पडतो. स्कॅनर लावून ‘कोड नाही’ (म्हणजे गाडीच्या संगणकात बिघाडाची नोंद नाही) म्हणणं ही सर्वांत आवडती पळवाट. इंधन पातळीचे कोड पी ०४६० ते पी ०४६४ या पट्ट्यात येतात. ०४६२ म्हणजे सिग्नल फार कमी, ०४६३ म्हणजे फार जास्त, ०४६४ म्हणजे मधूनमधून तुटणारा. अडकलेल्या फ्लोटसाठीचा ०४६१ मात्र गाडी बरंच अंतर चालूनही पातळी बदलली नाही, तेव्हाच पडतो. म्हणून कोड नसला तरी दोष असू शकतो. स्कॅनरमध्ये कोडपेक्षा चालू रीडिंग महत्त्वाचं: इंधन पातळी टक्क्यांत किती येतेय आणि काटा किती दाखवतोय. दोन्ही सारखे चुकत असतील तर रोख सेंडर आणि वायरिंगकडे. टक्के बरोबर आणि काटा चुकीचा असेल तर रोख मीटरकडे. बाजारात मिळणारा स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइल अ‍ॅप यानेही हे घरी पाहता येतं. फक्त सगळ्या गाड्या इंधन पातळी त्यावर देत नाहीत, तेव्हा डोंगल त्यासाठीच विकत घ्यावा असं आम्ही म्हणणार नाही.

यापुढची तपासणी करायला सांगावी लागते, आपणहून फार कमी ठिकाणी होते. मागच्या सीटखालचा कपलर काढून सेंडरच्या जागी ठाऊक असलेला रोध लावायचा. मीटर त्याप्रमाणे चालला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक, दोष सेंडरचा. मीटर मुद्दाम हळू चालतो, म्हणून दर बदलानंतर इग्निशन बंद-चालू करायला विसरू नये. यात विसरणारा टेक्निशियन चांगला मीटर खराब ठरवतो. सेंडर बाहेर काढल्यावर हात सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवून मल्टिमीटरवर रोध सलग बदलतो का पाहायचं. मध्ये एकदा जरी आकडा उडाला तरी पट्टी गेली. टाकी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींतले ओहम जॉब कार्डवर लिहून मागा. हे आकडे लिहून देणारं सेंटर चांगलं समजावं, मग त्याचं वेटिंग लाउंज कसंही असो.

मीटरचाच दोष निघणं तुम्हाला वाटतं तितकं विरळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने ३९,५०६ ग्रँड विटारा परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणासाठी: स्पीडोमीटर असेंब्लीतला इंधनाचा निर्देशक आणि इशारा दिवा खरी स्थिती दाखवत नसण्याची शक्यता. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ दरम्यान बनलेल्या त्या गाड्या. त्याच महिन्यात टोयोटानेही ११,५२९ अर्बन क्रूझर हायरायडर याच दोषासाठी परत बोलावल्या. म्हणून सेंटरला फोन करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. रिकॉलचं काम फुकट होतं आणि तिथे ‘दोष आढळला नाही’ हे उत्तर देता येत नाही. मीटर बदलला तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर जॉब कार्डवर आणि फोटोत घ्या, आणि नव्यात तेच आलेत याची खात्री करूनच गाडी ताब्यात घ्या. नाहीतर गाडी विकताना या फरकाचा खुलासा तुम्हालाच करत बसावं लागेल.

जोडणीच्या कामात अधिकृत सेंटरला आम्ही बरे गुण देऊ. पंप मॉड्यूल उघडण्यापूर्वी टाकी अर्ध्याच्या खाली हवी, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं हवं, लाइनमधला दाब सोडलेला हवा, आणि लॉक रिंग तिच्या खास पान्यानेच फिरवायला हवी. बाहेरच्या गॅरेजमध्ये छिन्नी-हातोडीने रिंग ठोकतात. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. गॅस्केट (झाकणाखालची रबरी कडी) दरवेळी नवंच, कारण जुनं फुगलेलं असतं आणि परत खाचेत बसत नाही. बिलावर किंवा जॉब कार्डवर गॅस्केट वेगळं दिसलं नाही तर विचारा. जुन्या-नव्या सेंडरचा पार्ट नंबरही मागा. शेवटचं अक्षर बदललेलं असेल तर कंपनीने तो भागच सुधारलाय असं समजायला हरकत नाही.

वाकवून सरळ केलेला हात मात्र स्वीकारू नका. हात वाकवला की एका पातळीला काटा बरोबर येतो आणि दुसरीकडे चुकतो. सेंडर नवा बसवण्याऐवजी ही ‘अ‍ॅडजस्टमेंट’ करून गाडी परत देण्याकडे काहींचा कल असतो, कारण वॉरंटी क्लेमची लिखापढी वाचते.

गाडी मिळाल्यावर त्याच दिवशी टाकी फुल करा. गॅस्केट टाकीच्या वर असतं, त्यामुळे गळती अर्ध्या टाकीत कळत नाही. फुल करून चढ-उतारावर थोडं चालवा आणि मागच्या सीटवर वाकून वास घ्या. वास आला तर गाडी तशीच परत न्या, बेसमेंटमध्ये लावू नका.

बाहेरचा ऑटो इलेक्ट्रिशियन हा पर्याय वॉरंटी संपलेल्यांसाठी. अर्थिंग, कपलर, वायरिंग या कामांत जुने इलेक्ट्रिशियन सेंटरच्या पोरांपेक्षा सरस असतात, हे मान्यच करायला हवं. पण वॉरंटीतल्या गाडीची वायर कापून जोडलेली दिसली की कंपनी हात वर करते.

सीएनजीवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. ठाणे-नवी मुंबईत सीएनजी गाड्या भरपूर, आणि त्यांच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. जुनं पेट्रोल चिकट होतं, संपर्कावर आणि हाताच्या सांध्यावर थर धरतं, फ्लोट एकाच जागी बसून राहतो. अशा गाडीत सेंडर बदलला आणि सवय तीच ठेवली तर दोष परत येणार. टाकीत पाव भागाहून जास्त पेट्रोल ठेवा, आठवड्यातून एकदा तरी थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, म्हणजे पेट्रोल फिरतं राहील. सीएनजीचा काटा मात्र लिटर-किलो मोजत नाही, तो सिलिंडरमधला दाब दाखवतो. भरताना गॅस तापतो, मग थंड झाला की दाब उतरतो. रात्री फुल दाखवणारा काटा सकाळी एक दिवा कमी दाखवतो तो यामुळे. त्यासाठी सेंटरला खेप घालू नका.

दुरुस्ती होईपर्यंत काट्याकडे बघूच नका, ट्रिप मीटरवर चालवा. फुल टँक, ट्रिप शून्य, पुढच्या फुल टँकला किलोमीटर भागिले लिटर. समजा अ‍ॅव्हरेज १३ आलं आणि टाकी ३७ लिटरची आहे. ९ लिटर हिशेबातून बाजूला ठेवले तर २८ गुणिले १३, म्हणजे ३६४. ३५० किलोमीटरला भरायचंच. पेट्रोल पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून तळाशी पोचलेल्या टाकीवर सतत चालवलं तर काट्याबरोबर पंपही जाईल. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यावर पेट्रोल पंप नाही आणि थांबायला बंदी आहे. तिकडे वळण्याआधी टाकीत किती आहे हे हिशेबाने माहीत हवं.

तीन फेऱ्यांनंतरही ‘दोष नाही’ हेच उत्तर आलं, तर तिन्ही जॉब कार्डांचे क्रमांक आणि पंपावरचे फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरसमोर तीच १० लिटरची चाचणी करायला सांगा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण पंपावर सगळ्यांसमोर बार न वाढलेला दिसल्यावर बोलण्यासारखं काही राहत नाही. नाहीच मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १० ते २० लाखांत घेतलेल्या गाडीसाठी तक्रारीचं शुल्क ४०० रुपये आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते: वाशी, नेरूळ, ऐरोलीकरांना ठाणे, तर खारघर, कामोठे, पनवेलकरांना रायगड, म्हणजे अलिबाग.